रज्जाकचाचांचा खोडलेला शब्द

सकाळी मेथी निवडत बसले होते, तेव्हा रज्जाकचाचांच्या मुलाचा, सलीमचा फोन आला. "बाई, अब्बा गेले." त्या गोष्टीला आता महिना होईल.

रज्जाकचाचांचं सुतारकामाचं दुकान देवपुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशीच. शिक्षण आठवीपर्यंत, तेही उर्दूत. इंग्रजी अक्षरं ते लाकडी खोक्यांवरचे छापील शिक्के बघून शिकले. मी शाळेत इंग्रजी शिकवणारी, म्हणजे त्यांच्या लेखी चालताबोलता शब्दकोश. वर्तमानपत्रात अक्षरं उलटसुलट करून देतात ना, ती जुळवण्याचा त्यांना भारी नाद. उत्तर सापडलं तरी गडी थांबायचा नाही. त्याच अक्षरांतून आणखी छोटे छोटे शब्द पाडायचा आणि मला फोन लावायचा. "बाई, हाऊ शबद शे का?" मी हो, असा शब्द आहे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "दिसस कसा?"

नुसता अर्थ सांगून माझी सुटका नसे, ती वस्तू त्यांना डोळ्यांनी बघायची असे. 'लिंट' म्हणजे सरकी काढलेली रुई, एवढं सांगून मी मोकळी झाले, तर हे दुसऱ्या दिवशी अमळनेरच्या एसटीत! येताना तिथल्या जिनिंगमधून रुमालात मूठभर रुई बांधून आणली आणि माझ्या हातावर ठेवली. 'फोर्ड'च्या वेळी तर मलाच पांझरेवर नेलं. पायी ओलांडता येईल अशी नदीतली उथळ जागा, असा मी अर्थ सांगितला होता. काठावर उभं राहून पूर्वी सगळे जिथून नदी ओलांडत ती जागा दाखवत म्हणाले, "आठेच उतार व्हता. आम्ही बठ्ठा आठूनच जाऊत." तीस वर्षं मी तो शब्द फळ्यावर लिहीत आले, पण त्यासाठी नदीपर्यंत काही गेले नव्हते.

आणि तरीही एकदा मी त्यांना तोडून बोलले. सहामाहीचे पेपर तपासत होते, डोकं उठलं होतं. चाचांनी 'ब्रेकफास्ट'च्या अक्षरांतून 'कर्फ' काढला होता. मी म्हटलं, "असा शब्दच नाही."

"तोंडमा तं बरा बसस. दखा ना एकडाव."

"चाचा, इंग्रजी मी शिकवते ना?"

"बरं, बाई," म्हणाले आणि फोन ठेवला. शब्दकोश हाताच्या अंतरावर होता, पण मी तो उघडला नाही.

मागच्या आठवड्यात उघडला. का, ते सांगता येणार नाही, पण ते "बरं, बाई" डोक्यातून जाईना. शब्द होता. करवतीनं लाकूड कापताना पडते ती फट. पन्नास वर्षं चाचा रोज तीच तर पाडत होते... मला स्वतःची लाज वाटली. उठले आणि तशीच दुकानात गेले.

सलीमला सगळं सांगितलं. तो उठला. आतून चाचांची एक वही घेऊन आला. पानापानावर तीन रकाने : शब्द, अर्थ, कुठे पाहिला. अशी वही आहे हे मला ठाऊकच नव्हतं. शेवटून दुसऱ्या पानावर 'कर्फ' सापडला, सुताराच्या जाड पेन्सिलीनं खोडलेला. शेजारी वेड्यावाकड्या मराठी अक्षरांत, "बाईंना विचारलं. नाही."

"फळी आखताना अब्बा या फटीएवढी जागा सोडायला लावत," सलीम म्हणाला. "नई तं माप कमी भरस." अर्धी कापलेली एक फळी त्यानं उचलली आणि दाराच्या उजेडात धरली. दोन भागांमध्ये उजेडाची बारीक रेघ उभी राहिली. 

मग त्यानं पेन्सिल पुढे केली. "तुम्हीच लिहा, बाई."

मी अर्थ लिहिला. कुठे पाहिला, तिथे 'रज्जाकचाचांच्या दुकानात' असं लिहिलं. आणि त्या "नाही"च्या खाली, "बाई चुकल्या."