लाल दोऱ्यातलं नाव

अटलांटाच्या विमानतळावरून गाडी निघाली आणि मला सगळ्यात आधी दिसली ती माती. रस्त्याचं काम चालू होतं, बाजूची टेकडी अर्धी कापलेली होती आणि आतून माती निघाली होती लालभडक, ओल्या कुंकवासारखी. अमेरिका म्हणजे नुसत्या काचेच्या इमारती, असं मी बार्शीहून मनात धरून आले होते. मी मान वळवून वळवून बघत राहिले.

"आई, मातीच काय बघताय? पुढे बिल्डिंगा येतील," निखिलराव म्हणाले. हे माझे जावई. बोलायला मोकळे. मी नुसती हसले. जावयाशी बोलायला मला अजूनही संकोच वाटतो.

मी गेले होते शुभांगीच्या, माझ्या मुलीच्या, बाळंतपणाला. अल्फारेटा नावाच्या गावात त्यांचं दुसऱ्या मजल्यावर घर. आजूबाजूला उंच सुरूसारखी झाडं, स्वच्छ रस्ते आणि रस्त्यावर माणूस म्हणून नाही. पहिले काही दिवस मी खिडकीत उभी राहून माणूस शोधायची. गाड्या जायच्या, माणसं आतल्या आत. मला वाटायचं, गावात काही झालं आहे की काय.

ओम झाला, बारसं झालं, आणि एका सकाळी खिडकीतून मला माणूस दिसला. पार्किंगमध्ये एक म्हातारी बाई चालत होती. ठेंगणी, केस आखूड कुरळे, डोक्यावर उन्हाची टोपी. आणि तिच्या पाठीला दुलईनं एक मूल घट्ट बांधलेलं! मुलाचं डोकं तिच्या खांद्यावर लोंबत होतं.

"शुभे, लवकर ये! पोराला कसं बांधलंय बघ, गुदमरेल ते!"

शुभांगी आली, बघून हसली. "अगं आई, त्या आपल्या खालच्या मजल्यावरच्या आजी. कोरियन आहेत. त्यांच्यात असंच घेतात मुलांना. ती मिंजी, त्यांची नात. झोपलीय ती."

त्या दुलईला पोदेगी (मूल पाठीला बांधायची दुलई) म्हणतात, हे मला पुढे कळलं. आणि आजीला म्हणतात हालमोनी. मीही तिला हालमोनीच म्हणू लागले, कारण तिचं खरं नाव कुणी मला सांगितलंच नाही. मिंजीची आई हेजिन शुभांगीला सांगायची की त्यांच्यात मोठ्या बाईला नावानं हाक मारत नाहीत. हे ऐकून मला बरं वाटलं. अमेरिकेत शेजारचा लहान मुलगा निखिलरावांना "निखिल" म्हणतो, त्याचा मला केवढा धक्का बसला होता.

ओळख कशी झाली म्हणाल, तर ओमच्या रडण्यानं. एका दुपारी तो काही केल्या थांबेना. मी जिन्यात घेऊन फिरवत होते. हालमोनी वर आली, दोन्ही हात पुढे केले आणि "आइगो, आइगो" म्हणाली. आपण अगंबाई म्हणतो ना, तसं. मी काही म्हणायच्या आत तिनं ओमला पाठीवर घेतलं, कमरेत वाकली, आणि दुलईचे बंद पुढे आणून आवळले. मी जीव मुठीत धरून मागे उभी. जिन्याच्या दोन खेपा झाल्या नाहीत तोच पोरगं झोपलं. मी तोंडाला पदर लावून बघत राहिले.

त्यानंतर आम्ही रोज भेटायला लागलो. ती तिच्या भाषेत बोलायची, मी मराठीत. घरी मी लाजरी म्हणून प्रसिद्ध, पण तिच्यापुढे मी खूप बोलायची. कळत नसलेल्या माणसापुढे लाज वाटत नाही. निखिलराव चिडवायचे, "आई, तुम्ही अमेरिका बघायला आलात आणि राहिलात कोरियात!"

एकदा हेजिन आम्हाला डुलुथला त्यांच्या बाजारात घेऊन गेली. गाडीनं अर्ध्या तासाच्या आत आपण दुसऱ्याच देशात. दुकानांच्या पाट्यांवर इंग्रजी कमी आणि त्यांची अक्षरं जास्त. आत शिरले आणि नाकाला पदर लावला. पाण्याच्या टाक्यांत जिवंत खेकडे, आठ हातांचा एक प्राणी काचेला चिकटून माझ्याकडेच बघत होता. मी दुसरीकडे तोंड फिरवलं, तर समोर लाल मिरचीच्या पावडरीची पोती रचलेली! आमच्या मंडईतला वास. मी त्या पोत्यांपाशीच उभी राहिले. हालमोनी मुळ्यावर बोटानं टकटक करून बघत होती, आणि मनासारखा मिळाला की "चोता" (छान) म्हणत होती.

तिच्या घरी दोन फ्रीज. एक सगळ्या घराचा आणि एक फक्त किमचीचा (कोबीचं तिखट लोणचं). लोणच्याला स्वतंत्र फ्रीज! मी शुभांगीला म्हटलं, "आणि तू माझी कैरीची बरणी ओट्याखाली ठेवतेस."

हसण्यात दिवस जात होते, पण आत एक काळजी होती. शुभांगीची रजा संपत आली होती. डे-केअरमध्ये जागा नव्हती, वेटिंग लिस्ट म्हणे. माझं परतीचं तिकीट ठरलेलं. घरी यांना साखरेचा त्रास, ते एकटे. ओमला कोण सांभाळणार? शुभांगी म्हणायची, "नाहीतर मी जॉब सोडते." म्हणताना तिचा चेहरा असा व्हायचा की मला तो बघवत नसे. त्या मुलीनं शिकायला काय कष्ट केले ते मी बघितलेत.

शेवटी हेजिननंच निरोप आणला. हालमोनी ओमला मिंजीबरोबर सांभाळेल, आनंदानं. मला रडूच आलं.

या बाईसाठी काय करू, असं मला झालं. मिंजीचा पहिला वाढदिवस जवळ आला होता. त्याला ते दोल म्हणतात आणि तो लग्नासारखा करतात. मी ठरवलं, दुपटं शिवायचं. ओमसाठी मी बार्शीहून शिवून नेलं होतं तसंच, जुन्या मऊ साड्यांचं, आणि कोपऱ्यात नाव. शुभांगीनं हेजिनकडून मिंजीचं नाव त्यांच्या अक्षरांत कागदावर लिहून आणलं. मी चौथी शिकलेली, पण वळणदार अक्षरासाठी गुरुजी माझी पाटी वर्गात फिरवायचे. मी ती अक्षरं चित्रासारखी गिरवली. एक चौकोन, शेजारी उभा दांडा, खाली कोपरा. मग एक छोटं स्टूल, शेजारी पुन्हा दांडा. झालं मिंजी. दोरा कुठला घ्यायचा हा विचारसुद्धा मनात आला नाही. लहान मुलाचं नाव, शुभ काम, दोरा लाल. ओमचंही लालच होतं.

दोलचा कार्यक्रम डुलुथच्या एका हॉलमध्ये होता. मिंजीला रंगीत पट्ट्यांच्या बाह्यांचा रेशमी झगा. टेबलावर फळांच्या राशी, तांदळाच्या पांढऱ्या वड्या. मग मिंजीपुढे पेन्सिल, नोटा, तांदूळ, दोऱ्याची लडी, असं काय काय मांडलं. मूल जे उचलेल तसं त्याचं आयुष्य, असं ते मानतात. सगळे ओरडून ओरडून आपापल्या वस्तूकडे बोलावत होते. एक काका नोट हलवत होते, त्यांची बायको त्यांच्या हातावर चापट मारत होती. मिंजीनं सावकाश हात पुढे केला आणि दोरा उचलला. दोरा म्हणजे दीर्घायुष्य. हालमोनीनं टाळ्या वाजवल्या, डोळे पुसले.

मला वाटलं, हीच वेळ. एवढ्या माणसांत मी आपण होऊन कधी पुढे गेलेली नाही, पण गेले. दोन्ही हातांनी दुपटं धरलं, कारण त्यांच्यात मोठ्यांना काही द्यायचं तर दोन्ही हातांनी. उलगडलं आणि मिंजीच्या अंगावर घातलं, नाव वर येईल असं.

हालमोनी वाकून बघायला लागली. हसत होती. आणि मग ते हसू गेलंच. तिनं दुपटं मिंजीच्या अंगावरून खसकन ओढून काढलं, चुरगाळलं आणि टेबलाखाली लोटलं. शेजारच्या दोन म्हाताऱ्यांनी तोंडावर हात ठेवले. मिंजी घाबरून रडायला लागली. हेजिन घाईघाईनं काहीतरी बोलली, फोटोवाल्यानं सगळ्यांना दुसरीकडे वळवलं. मी तशीच उभी, हात अजून पुढे केलेले.

निघताना हेजिननं आम्हाला वड्यांचा डबा दिला, दोन्ही हातांनी. हालमोनी दिसली नाही.

गाडीत मी वड्यांचा डबा मांडीवर धरून बसले. मला वाटलं जुन्या साड्या वापरल्या म्हणून. गरिबाची वस्तू वाटली असेल. संध्याकाळी हेजिनचा फोन आला. शुभांगी आतल्या खोलीत बराच वेळ बोलली आणि बाहेर येऊन माझ्यापाशी बसली.

"आई, तुझी काही चूक नाही. त्यांच्यात लाल रंगानं फक्त मेलेल्या माणसाचं नाव लिहितात. जिवंत माणसाचं लिहिलं तर ते... म्हणजे त्यांना वाटतं की ते माणूस मरतं."

मी कपाळाला हात लावला. हात कुंकवाला लागला.

"मी त्या पोरीचं..."

"हेजिन मानत नाही यातलं फारसं. पण आजी घाबरल्यात. मिंजीच्या जवळून हलत नाहीत. आणि ओमचं... थोडे दिवस जाऊ देत म्हणाल्या."

"थोडे दिवस म्हणजे? तुझी रजा?"

"बघू," शुभांगी म्हणाली आणि ओमच्या बाटल्या धुवायला गेली. नळ सोडून ती नुसती उभी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी शुभांगी आणि निखिलराव बाहेर गेल्यावर मी ओमला कडेवर घेतलं, त्याचं दुपटं काखेत मारलं आणि जिना उतरले. दार वाजवायला हात उचलवत नव्हता. या परक्या देशात मी एकटीनं कुणाचं दार वाजवलेलं नव्हतं. ओमनंच दारावर हात आपटला.

हालमोनीनं दार उघडलं. डोळे सुजलेले. मी मराठीतच म्हटलं, "बाई, मला माहीत नव्हतं हो. आमच्यात लाल म्हणजे देवाचं." तिला काय कळणार. मी माझ्या कपाळावर बोट ठेवलं. मग ओमचं दुपटं उलगडून त्याचं लाल नाव दाखवलं, त्यावर बोट ठेवलं आणि ओमच्या छातीवर ठेवलं. बघ, माझ्या स्वतःच्या नातवाचंसुद्धा मी लालच शिवलंय. एवढंच मला सांगायचं होतं. तेवढं कळलं की तिचा राग जाईल, असं वाटलं.

तिला कळलं. पण मी धरून चालले होते तसं नाही.

"आइगो!" ती ओरडलीच. तिनं ओमला माझ्या कडेवरून काढून घेतलं, छातीशी धरलं, आणि दुसऱ्या हातानं दुपटं ओढलं. "आन्दे! आन्दे!" (नको, असं नको.) ओमसकट आत धावली, एका गोल पत्र्याच्या डब्यातून कात्री काढली आणि ओमच्या नावाच्या पहिल्याच टाक्याला टोक लावलं.

मी तिच्या मागोमाग आत शिरले होते. लाल दोऱ्यातलं नाव कात्रीनं उसवायचं? नातवाचं? मी दुपटं घट्ट धरलं. इकडून मी, तिकडून ती. दोन म्हाताऱ्या जमिनीवर बसून एक दुपटं ओढत होतो. मी "अहो नको" म्हणत होते, ती "आन्दे" म्हणत होती. दोघींचा अर्थ एकच होता.

मग माझं लक्ष तिच्या दुसऱ्या हाताकडे गेलं. त्या हातानं तिनं ओमचं डोकं आपल्या गळ्याशी झाकून धरलं होतं, जसं कुणी त्याला न्यायलाच आलं आहे. ती रागावली नव्हती. मिंजीसाठी घाबरली तशीच ती माझ्या ओमसाठी घाबरली होती.

मी हात सोडला.

तिनं टाके कापायला सुरुवात केली. मी मनात देवाचं नाव घेत होते. थोड्या वेळानं मी उठले आणि बोटानं विचारलं, मिंजीचं कुठे? ते गॅलरीत एका पिशवीत होतं, घराबाहेर काढून ठेवल्यासारखं. ते मी मांडीवर घेतलं आणि चौकोनापासून उसवायला लागले.

नंतर तिनं डब्यातून निळा दोरा काढला. लाल गेलं तरी सुईची भोकं राहिली होती. त्या भोकांतून निळा दोरा घालत घालत तिनं ओमचं नाव पुन्हा शिवलं, मराठी अक्षर एकही येत नसताना. मी मिंजीचं शिवलं. शेजारी गादीवर दोन्ही पोरं झोपली होती.

संध्याकाळी शुभांगी खाली आली, तेव्हा हालमोनीनं तिच्या खांद्यावर थोपटलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरमधल्या सोमवारवर, शुभांगीच्या कामाच्या पहिल्या दिवसावर, बोट ठेवून ओमला घ्यायला पाठ पुढे केली. शुभांगी तिथेच रडायला लागली.

मी निघाले त्या सकाळी गाडी वळताना पार्किंगमध्ये हालमोनी उभी होती. पाठीवर ओम, त्याच्याभोवती माझं दुपटं, आणि कोपऱ्यात निळं नाव. मला ते अजूनही उघडं उघडं वाटलं. कुंकवाशिवाय.

उसवलेले लाल दोरे मात्र मी टाकले नव्हते. दोन्ही पोरांचे. कागदाच्या पुडीत बांधून पर्समधून आणले आणि बार्शीला आल्यावर देव्हाऱ्यात देवीच्या पायाशी ठेवले, पोरांची नावं तिनं सांभाळावीत म्हणून. हालमोनीला हे कळलं तर ती पुन्हा आइगो म्हणेल.

काल शेजारच्या सुनेच्या बाळाचं बारसं ठरलं म्हणून दुपटं शिवायला घेतलं. नाव घालायला लाल रीळ उचललं, सुईत दोरा ओवला, आणि हात थांबला. मग उठून आधी देव्हाऱ्यातली पुडी जागेवर आहे ना ते बघून आले, आणि मगच पहिला टाका घातला.