पिंजऱ्याचं मागचं दार

सातपूरला आमचं वर्कशॉप आहे. द्राक्षांच्या पॅकहाऊसला लागणाऱ्या ट्रॉल्या, रॅक, जाळीची कपाटं असला माल आम्ही करतो. आमच्या ह्यांना एकच अभिमान, आपला माल परत येत नाही. एखाद्या ट्रॉलीचं चाक निखळलं असा पिंपळगावहून फोन आला, तरी त्यांना जेवण गोड लागत नाही. अशा माणसाकडे मी समुद्रात टाकायच्या पिंजऱ्यांचं काम आणलं, आणि तेही माझ्या माहेरचं. तेव्हा जीव जो टांगणीला लागला, तो अजून पुरता खाली उतरलेला नाही.

माहेर कोकणात, समुद्राला लागून. थोरला भाऊ, आमचा दादा, तिथल्या मच्छीमार सोसायटीचा चेअरमन होता. गावासमोर पाण्याखाली खडक आहेत आणि त्यांच्या कपारींत शेवंडी राहतात. शेवंड म्हटलं की गंगापूर रोडवरच्या माझ्या मैत्रिणी विचारतात, म्हणजे मोठी कोळंबी का? मी हो म्हणून मोकळी होते. तिच्या मिशा हातभर असतात, हॉटेलवाले तिच्यासाठी जीव टाकतात, हे कोण समजावत बसणार. तर खडकावर जाळी लावून लावून शेवंडी कमी होत चालल्या होत्या. जाळ्यात पिल्लंही अडकायची, पोटाखाली अंडी असलेल्या माद्याही, आणि सोडवेपर्यंत कितीतरी मरून जायच्या. दादानं ठरवलं, खडकावर जाळं बंद, फक्त पिंजरे. पिंजऱ्याला खाली फट ठेवायची म्हणजे पिल्लं आपोआप निसटतील, आणि अंड्यांची मादी वर आली तर तिला जिवंत परत सोडता येईल.

गावाला हे पटवताना त्याच्या नाकी नऊ आले. होडीवर उभं आयुष्य काढलेले एक वयस्क तांडेल हट्टालाच पेटले होते. त्यांना गावात सगळे काका म्हणतात. त्यांचं म्हणणं साधं होतं. दोर तुटून पिंजरा तळाला राहिला तर आतली शेवंड उपाशी मरणार, मागून दुसरी शिरणार, तीही मरणार, आणि लोखंड गंजून जाईपर्यंत हे असंच चालणार. त्यावर दादानं भर सभेत शब्द दिला. पिंजऱ्याला मागे एक छोटं दार असेल आणि ते साध्या सुतळीनं बांधलेलं असेल. पिंजरा हरवलाच तर सुतळी पाण्यात कुजेल, दार उघडेल आणि जनावर बाहेर पडेल. या शब्दावर गावानं एक हंगाम पिंजरे वापरून बघायचं कबूल केलं. दादाची गावातली सगळी पत त्या सुतळीवर उभी होती.

सुतळी मी स्वतः रविवार कारंजावरून आणली. ह्यांना समजावलं, मिस्त्रींना समजावलं. नारळी पौर्णिमेच्या तोंडावर पिंजरे तयार झाले. हिरवं प्लॅस्टिक कोटिंग केलेले, एकावर एक रचलेले, दिसायला इतके देखणे की मी त्यांचे फोटो काढून माहेरच्या ग्रुपवर टाकले. टेम्पो उशिरा पोचला. होड्या निघायच्या बेतात होत्या, म्हणून पिंजरे जेटीवरूनच होड्यांत चढले. शेवंड वरच्या झाकणातून काढतात, त्यामुळे मागच्या दाराकडे कोणी वळून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन वर्कशॉपला गेले, तर मिस्त्री भंगार पत्र्यांचा गठ्ठा बांधत होते. माझ्याच सुतळीनं.

"मिस्त्री, सुतळी एवढी कशी उरली?"

"उरली कुठं भाभी, आख्खीच हाय. सुतळी पाण्यात लय टिकत नाय. मी दाराला तार मारली, त्याच हिरव्या कोटिंगची. कळत पण नाय. साहेबांना विचारलं होतं."

साहेब लेथपाशी उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं.

"मग काय झालं?" हे म्हणाले. "कुजून तुटलं असतं तर आपलंच नाव गेलं असतं."

"अहो, ते कुजायलाच हवं होतं. किती वेळा सांगितलं तुम्हाला."

"सांगितलंस. मला वाटलं, तुझी काहीतरी समजण्यात चूक झाली. मोडायला म्हणून कोणी वस्तू करतं का?"

मला त्यांचा इतका राग आला की रडूच फुटलं. आणि त्यात वाईट हे, की त्यांनी काही आळस केला नव्हता. मनापासून चांगलं काम करून माझ्या भावाला तोंडघशी पाडलं होतं.

दादाला फोन केला. तो म्हणाला, "सगळे खडकावर गेले गो. बघतो."

हे पक्कड घेऊन कोकणात निघालेच होते, पण दादानं नको म्हटलं. पाहुणे का आले म्हणून लोक विचारतील, पिंजरे वर येतील तशी तार मीच कापीन. त्याच रात्री समुद्र खवळला आणि होड्या किनाऱ्याला लागल्या. इकडे नाशिकला लख्ख ऊन. मी गच्चीवर कपडे वाळत घालायची, आणि फोनवर कोकणचा वारा बघायची. भाजी घेताना, कुकर लावताना डोळ्यांसमोर एकच, वर तरंगणारा बोया नाही, दोर नाही, आणि तळाशी आमच्या वर्कशॉपची पक्की तार. हे विचारायचे, "दादाचा फोन?" मी नाही म्हणून मान हलवायची. एरवी मालाची तारीफ करणारा माणूस जाळीकडे बघेनासा झाला.

समुद्र निवळल्यावर दादानं कोणाच्या नकळत पिंजरे वर काढून तारा कापल्या, सुतळी बांधली. दोन पिंजरे मिळालेच नाहीत. त्यानं खडकाभोवती दोराला लोखंडी गळ बांधून पुष्कळ शोधले. हंगाम मात्र चांगला चालला. पिल्लं निसटत होती, माद्या परत जात होत्या, काकाही नरम पडले होते. प्रत्येक चांगल्या बातमीनं माझी धाकधूक वाढायची. एवढं जमून आलेलं त्या दोन पिंजऱ्यांपायी जाईल, असं सारखं वाटायचं.

दिवाळीनंतर त्यातला एक काकांच्याच दोरात अडकून वर आला. मला वहिनीनं ते फोनवर सांगितलं. आत नुसती कवचं होती, एक शेवंड तेवढी जिवंत होती आणि तिच्या पोटाखाली अंडी होती. काकांनी तो पिंजरा तसाच सोसायटीच्या ओट्यावर आणून ठेवला. सगळ्यांनी मागच्या दाराची तार हात लावून बघितली.

"आणि दादा?" मी विचारलं.

"म्हणाले, तार मीच मारायला सांगितली होती. सुतळीवर माझाच भरवसा नव्हता." वहिनी पुढे म्हणाली, "चेअरमनपद सोडलं त्यांनी. काकांना केलंय आता."

मी लगेच दादाला फोन लावला. म्हटलं, मी येते, सभेत खरं सांगते. तो शांतपणे म्हणाला, "तुझ्या घराचं नाव इथं निघालं, तर तू माहेरी मान वर करून येशील का? खडकावर जाळं परत लागलं नाही, ते बघ. गप्प बस."

मी गप्प बसले. पण त्यानंतर माहेरी गेले नाही. त्याच्यासमोर उभं राहायचा धीर होत नव्हता.

परवा काकांचा फोन आला. यंदाही पिंजरेच वापरायचे ठरलंय, तुमच्याकडूनच हवेत. मला बरं वाटलं आणि भीतीही वाटली.

"पण एक लक्षात ठेव," काका म्हणाले. "दाराला सुतळीच बांधायची. मागच्या खेपेला तुझ्या भावानं नको तो शहाणपणा केला. दिलेला शब्द त्यानंच मोडला."

माझे कान तापले. समोर हे बसले होते, त्यांनाही ऐकू आलं होतं. त्यांनी फोनसाठी हात पुढे केला. मी तो दिला नाही.

"काका," मी म्हटलं, "दादानं नाही हो..."

फोनमधून मागून आवाज आला. दादा तिथेच कुठेतरी बसलेला असणार, काकांना माझा नंबर लावून देऊन.

"बाय गो," तो म्हणाला, "हो म्हण."

मी हो म्हटलं.