एकही बास्केट न टाकता फायनल जिंकवणारी काजल

रविवारी रसायनीत आमच्या महिला बास्केटबॉल टीमने फायनल जिंकली! ओरडून ओरडून आवाज बसलाय, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही...

मी खोपोलीची, शाळेपासून खेळतेय. माझं मत ठाम होतं... मॅच जिंकायची तर भराभर बास्केट टाकणाऱ्या मुली हव्यात. डिफेन्स काय, कुणीही करेल.

यंदा आमची एक मैत्रीण बाळंतपणासाठी माहेरी गेली आणि टीमला माणूस कमी पडलं. म्हणून मी माझ्या धाकट्या जावेला, काजलला ओढून आणलं. ती कळंबची, कॉलेजात कबड्डी गाजवलेली. पहिल्याच दिवशी म्हणाली, "ताई, मला बास्केट टाकाया नाय जमनार. पन समोरचीला टाकू नाय देनार, बघा तुमी."

आणि खरंच नाही दिलं... फक्त कबड्डीच्या पद्धतीने! पहिल्या मॅचला तिने समोरच्या मुलीची चक्क कंबर धरली. पाच फाऊल होऊन बाईसाहेब बाहेर, आणि मी कपाळाला हात लावून बसले.

मग रोज संध्याकाळी अंगणात आमची प्रॅक्टिस सुरू झाली. काजल मला तिचे हात ओढणीने पाठीमागे बांधायला लावायची आणि म्हणायची, "या ताई, जावा आता मला चुकवून." नुसत्या पायांवर वाट अडवायची ती... मला जाताच यायचं नाही हो!

फायनलला समोरच्या टीमची कॅप्टन म्हणजे वादळ. आधीच्या सगळ्या मॅच तिने जवळपास एकटीने काढलेल्या. काजल तिला अशी चिकटली की बाई पार वैतागली.

तरी शेवटी आमच्याकडे एकाच पॉइंटची आघाडी उरली. काही सेकंद बाकी, बॉल त्या कॅप्टनकडे... आणि काजलचे चार फाऊल झालेले! मी जीव तोडून ओरडले, "काजल, हात नको लावूस गं!"

कॅप्टन सुसाट निघाली. काजल आधीच तिच्या वाटेत जाऊन उभी... पाय रोवलेले, हात स्वतःच्या छातीशी. अशी धडक बसली की काजल पाठीवर आपटली आणि शिट्टी वाजली.

फाऊल कुणाचा? रेफरीने बॉल आम्हाला दिला! फाऊल धडकणारीचा! उरलेले सेकंद आम्ही बॉल पोटाशी धरून काढले आणि मॅच संपली.

मी धावत काजलकडे गेले, तर तिचा पहिला प्रश्न, "ताई, माजा हात नाय ना लागला?" मी हसत होते की रडत होते, मलाच कळेना.

बास्केट लागतातच, आम्हीही टाकले. पण इतकी वर्षं मी ज्याला उरलंसुरलं काम समजत होते, त्यानेच आमचा कप घरी आणला.

कप घ्यायला कॅप्टन म्हणून मला बोलावलं, मी काजलला पुढे ढकललं. थँक्यू गं... आज पाठ शेकत पडून राहा, भाकऱ्या मी थापते.