तासगावची खाच

पेट्रोलचा वास आला की त्यामागोमाग मला काठीचा आवाज येतो. पत्र्याच्या तळाला लाकूड टेकल्याचा, एकदाच. सांगलीच्या स्टँडबाहेर रिक्षांच्या रांगेजवळून जाताना हे होतं आणि मी उभी राहते. मागून येणारा माणूस अडखळतो, काहीतरी पुटपुटतो. त्याला काय सांगणार? तो आवाज झाल्यावर आमच्या घरी क्षणभर कुणी बोलत नसे, कारण दादाला काठीवरची ओल वाचायची असे. पेट्रोल भराभर उडतं. ओल कुठवर आहे ते लगेच पाहिलं नाही तर काठी कोरडी होते आणि सगळं पुन्हा करावं लागतं.

दादा माझा थोरला भाऊ. सोळा वर्षं पलटणीत गाडी चालवून सत्तर-एकाहत्तरच्या सुमारास तो घरी आला, आणि वर्षभरात लष्कराच्या लिलावातली एक जुनी जीप घेऊन आला. विट्याच्या पूर्वेला आमचं गाव. आजोबांपर्यंत सगळे मेंढरांमागे फिरलेले; आमच्या वडिलांनी थोडी जमीन धरली, पण पाय घरात ठरत नसत. अर्धं वर्ष ते माळावर मेंढरांसोबतच असत. त्या भागात रस्ते कमी आणि दगड फार. जीपला पुढच्या चाकांनाही जोर देणारा एक वेगळा दांडा होता. तो ओढला की ती घोरपडीसारखी कशावरही चढे. कुणाची पेरणी, कुणाचं बाळंतपण, गुरांच्या डॉक्टरांची फेरी, सगळीकडे दादाची जीप जाऊ लागली.

गाडीत एकच खोट होती. पेट्रोलचा काटा मेलेला होता. टाकी चालकाच्या बैठकीखाली. गादी उचलायची, झाकण फिरवायचं आणि काठी आत सोडायची. ही काठी वडिलांनी करून दिली होती. मेंढरं मोजायला ते काठीवर खाचा पाडत, तशाच खाचा त्यांनी या काठीवर पाडल्या. पण त्या लिटरच्या नव्हत्या, गावांच्या होत्या. दादा गाडी नेऊन आणत असे, परत आल्यावर जाताना किती उतरलं ते सांगे आणि वडील चाकू लावत. सगळ्यात खाली विटा, त्याच्या वर तासगाव, मग सांगली, आणि पार वर सातारा. ओल ज्या खाचेपर्यंत, तिथवर जायचं बळ गाडीत आहे.

विट्याच्या खाचेखाली चार बोटं काठी कोरी होती. आमच्याकडे कणगीचा तळ उघडा पडू देत नाहीत. दाणे कितीही कमी असोत, एक मूठ तळाला ठेवायची. आईनं टाकीलाही तोच नियम लावला होता. त्या चार बोटांना घरात सगळे आईची मूठ म्हणत.

मी तेव्हा गावच्या शाळेत शिकवत होते. घरात इंग्रजी वाचता येणारी मी एकटी. जीपबरोबर एक मळकी पुस्तिका आली होती, ती मी दादाला वाचून दाखवी. पेट्रोल एकाएकी महागलं त्या वर्षी मी तिच्यात जास्तच लक्ष घातलं. परीक्षेचे कागद आणायला आणि वाचनालयाची पुस्तकं बदलायला मी दादाबरोबर तासगावला जात असे. येताजाता मैलांचे दगड मोजायचे, किती उतरलं ते वहीत लिहायचं. सात-आठ फेऱ्यांनंतर माझी खात्री झाली. लिटरला चार मैल. कधी थोडं जास्त, कमी कधीच नाही. म्हणजे वडिलांची तासगावची खाच दोन बोटं वर होती, आणि त्याखाली आईची मूठ होतीच. एवढं पेट्रोल कायम टाकीत डुलत होतं आणि दादा मात्र दर खेपेला आधी विट्याला भरायला धावत होता.

वडील एकदा मेंढरं घेऊन गावाजवळ आले होते तेव्हा मी त्यांच्यासमोर वही धरली. त्यांनी ती उलटी-सुलटी पाहिली.

"मास्तरीणबाई, ह्यात चढ कुठं लिवलाय?"

"चढ-उतार सगळं धरून सरासरी काढलीय, आबा."

"ती काय आस्ती?"

मी समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि पान-तंबाखूची चंची उघडली.

"चढाचा कोस आन् उताराचा कोस एक नसतोय बग. मेंढराला इचार."

दादा हसला. "आबा, मेंढरू वही लिवत न्हाई. तिनं लय मोजलंय. पाडू दे खाच."

मी खाच पाडली. दादाच्याच चाकूनं, जुन्या खाचेखाली दोन बोटं. लाकूड कठीण होतं. माझ्या अंगठ्याला फोड आला. त्यानंतर दोनदा आम्ही त्या खाचेवर तासगावला गेलो आणि दोन्ही वेळा सुखरूप पोचलो. तिथल्या पंपावर दादा सगळ्यांना सांगे, "माझ्या बहिणीनं गाडीचं खाणं कमी केलं." मला ते फार आवडे. इतकं आवडे की आज लिहितानाही लपवता येत नाही.

फाल्गुनात एका सकाळी माळावरून माणूस धावत आला. आबांच्या छातीत कळ उठली होती, घाम थांबत नव्हता. त्यांचा तळ आग्नेयेला सहा-सात मैलांवर, दोन ओढ्यांपलीकडे होता. तिथून एक गाडीवाट थेट तासगावच्या डांबरी रस्त्याला निघते. दादानं गादी उचलली. टक्. काठी वर आली. ओल माझ्या खाचेच्या बोटभर वर होती.

विट्याचा पंप सात मैल, पण उलट्या दिशेला. जाऊन येऊन तास मोडला असता. दादानं काठी माझ्यापुढे धरली.

"पुरंल का गं?"

मी हिशेब तिथेच केला. तळापर्यंतचे मैल, तिथून रस्त्यापर्यंतचे, पुढे तासगावपर्यंतचे. बेरीज बरोबर होती. आजही करून पाहिली तर बरोबरच येते.

"पुरेल," मी म्हणाले. "शिवाय आईची मूठ आहेच की."

आम्ही निघालो. पहिल्याच ओढ्यात दादानं तो दुसरा दांडा ओढला. इंजिन वेगळ्याच सुरात ओरडू लागलं, आणि गाडी मात्र माणसाच्या चालीनं चालली. दगड, वाळू, चढ, पुन्हा दगड. तो दांडा ओढलेला असताना मी कधी गाडीत बसलेच नव्हते. माझ्या वहीतले सगळे मैल डांबरी होते. पुस्तिकेतला आकडाही सपाट, चांगल्या रस्त्याचा होता. तसं छापलेलंही होतं, मीच दादाला वाचून दाखवलं होतं. त्या माळावर जीप एका लिटरला दीड मैलही जात नसेल. हे मला तेव्हा कळलं नाही. मी गाडी कुठे किती धडपडते ते पाहत नव्हते, मैल मोजत होते.

आबांना घोंगडीवर निजवून मागे घेतलं. मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले. त्यांच्या अंगाला मेंढरांचा आणि धुराचा वास येत होता. डांबरी रस्ता लागला तेव्हा दादानं दांडा मागे सारला. गाडी धावू लागली, आबांनीही डोळे उघडले, आणि आता पोचलोच असं मला वाटलं.

तासगाव चार मैलांवर असताना इंजिननं दोन आचके दिले. गाडी आपल्या वेगानंच थोडी पुढे गेली आणि एका बागेच्या कडेला थांबली. दादानं गादी उचलली, काठी सोडली. काठी वर आली ती कोरडी होती. त्यानं ती माझ्याकडे वळवली नाही.

रस्त्याकडेला बेदाण्याचं शेड होतं. आत माणसं जाळ्यांवर द्राक्षं पसरत होती. दादा तिकडे धावला. तिथे ट्रॅक्टर होता, पण तो डिझेलचा. त्यातलं काही आमच्या कामाचं नव्हतं. ट्रॅक्टरला जीप बांधून ओढत न्यायचं ठरलं. साखळी सापडेना, मग दोरखंड आणला.

एवढ्या वेळात आबा मला म्हणाले, "थांबली का?"

"इंजिनात पाणी घालतायत, आबा."

"घालू दे. मेंढरं बी थांबत्यात."

पुढे ते बोलले नाहीत. दोरखंडाची गाठ पडून जीप हलली तेव्हा त्यांच्या डोक्याचं ओझं माझ्या मांडीवर बदललं होतं. मी कुणाला हाक मारली नाही. ट्रॅक्टरमागून आम्ही सावकाश गेलो. तासगाव आलं, पंप आला. पंपावरचा माणूस ओळखीचा. त्यानं नेहमीसारखा हात वर केला.

आबा गेल्याच्या तिसऱ्या दिवशी ओट्यावर भावकी बसली होती. चुलते दादाला म्हणाले, "काय रं, सोळा वर्सं पलटणीत गाडी हाकलीस आन् तुला तेल बघता येईना?"

मी दाराआड उभी होते. दादाची पाठ माझ्याकडे होती.

"काठी बघण्यात चूक झाली माझी," तो म्हणाला.

मी एक पाऊल टाकलं असतं तर ओट्यावर आले असते. मी आत गेले. आई चुलीजवळ भिंतीला टेकून बसली होती. तिनं मला विचारलं, "पुरलं न्हाई व्हय गं?" मी मान हलवली. तेवढंच.

त्यानंतर दादानं बरीच वर्षं जीप चालवली. मागे कायम भरलेला डबा बांधलेला असे. जत्रेत, लग्नात कुणी ना कुणी म्हणेच, "काठी बघून घेतली का रं गड्या?" आणि तो हसून म्हणे, "घेतली बाबा, दोनदा घेतली." मी जवळ असले की तो विषय बदलत असे. आम्ही दोघांनी त्या दिवसाबद्दल एक शब्दही काढला नाही. मी पुढे सांगलीला बदली करून घेतली. पुस्तकांत राहिले.

दादा गेल्या वर्षी गेला. वर्षश्राद्धाला गावी गेले तेव्हा वहिनी माळ्यावरचं सामान खाली काढत होत्या. त्यात ती काठी होती. मी उजेडात नेऊन पाहिली. वडिलांच्या चारही खाचा जागेवर, तेलकट, काळ्या. माझी खाच नव्हती. त्या जागी काठी काचेनं तासून गुळगुळीत केलेली. बोटभर भाग बाकीच्या लाकडापेक्षा फिकट आणि किंचित बारीक. इतकं जपून तासलं होतं की ठाऊक नसलेल्याला कळणार नाही. हे त्यानं कधी केलं असेल? ओट्यावर भावकी जमायच्या आधी? कुणी काठी मागून पाहिली असती तर नवी खाच दिसली असती, आणि ती कुणी पाडली हेही निघालं असतं. की पुन्हा कुणी त्या खाचेवर विसंबू नये म्हणून तासली? मला कळायला मार्ग नाही.

"काय बगताय वन्सं एवढं?" वहिनी म्हणाल्या.

मी त्यांना सांगितलं. खाच, हिशेब, 'पुरेल' म्हणाले ते, सगळं. सांगायला फार वेळ लागला नाही. त्यांनी पुसायला घेतलेलं पातेलं खाली ठेवलं, फडकं हातातच राहिलं.

"माझ्या लेकरांना बी लोकं तेच म्हनायची," त्या म्हणाल्या. "तेल न बघनाऱ्याची पोरं."

"हो."

"मग एवढी वर्सं गप का ऱ्हायला तुमी?"

वहिनींनी काठी माझ्या हातातून घेतली, फडक्यानं वरपासून खालपर्यंत पुसली, त्या फिकट जागेवरूनही, आणि पुन्हा माझ्याकडे दिली.

"ऱ्हाऊ दे तुमच्याकडं. पोरं संध्याकाळी येत्याल. त्यांना तुमीच सांगा."

मी परतीची दुपारची एस.टी. सोडून दिली आणि काठी मांडीवर घेऊन ओट्यावर बसले.