दादाचं स्वतःचं प्रवचन

दादा गेला तेव्हा वहिनी रडली नाही. मी रडले, शेजारीण रडली, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे आजोबा तर इतके रडले की त्यांना धरून घरी पोचवावं लागलं. वहिनी येणाऱ्याजाणाऱ्यांना पाणी देत होती. कोणी म्हणालं, दुःख आत दाबून ठेवू नका. ती "बरं" म्हणाली आणि त्यांचा रिकामा पेला उचलून नेला.

आठवडा उलटायच्या आत ती कामावर गेली. ती हॉस्पिटलच्या लाँड्रीत इस्त्रीवर होती. तळघरातली खोली, दिवसभर वाफ, चादरींचे आणि अभ्र्यांचे ढीग, एका बाजूला डॉक्टरांचे कोट. पहिल्याच दिवशी तिचा तळहात गरम इस्त्रीला लागला आणि तसाच राहिला. शेजारच्या टेबलावरच्या बाईने ओरडून तो मागे ओढला. "अगं, दुखत नाही का?" "कळलंच नाही," वहिनी म्हणाली आणि मलम लावून उरलेले कोट संपवून घरी आली. मला हे त्या बाईनेच सांगितलं. मला धास्तीच बसली. नणंद भावजयीची काळजी करते म्हटलं तर लोकांना पटत नाही, पण आम्ही दोघी एका छपराखाली इतकी वर्षं काढली होती की भांडायचे विषयसुद्धा संपले होते.

दादा आमच्या चर्चचा पाळक होता. आवाज असा, की मागच्या बाकावरच्या बहिऱ्या म्हातारीनेही मान डोलवावी. आजारी माणसाच्या उशाशी बसावं तर त्यानेच. पण प्रवचन लिहायला बसला की त्याच्या डोक्याला कुलूप लागायचं. त्याची सुरुवातीची प्रवचनं मी ऐकली आहेत. जाड पुस्तकांतली वाक्यं उचलून एकापुढे एक मांडलेली असायची. सख्खी बहीण असून मला डोळे उघडे ठेवणं जड जायचं, मग बाकीच्यांची काय कथा.

लग्नानंतरच्या एका शनिवारी तो असाच कागद फाडत बसला होता. वहिनी तिथेच त्याच्या चर्चमध्ये घालायच्या झग्याला इस्त्री करत होती. बराच वेळ तिने ते फाडणं ऐकून घेतलं, मग म्हणाली, "अहो, तुम्हाला म्हणायचंय काय ते मला साधं सांगा." त्याने सांगितलं. "मग असं म्हणा ना," म्हणून इस्त्री फिरवता फिरवता ती बोलत गेली आणि तो लिहीत गेला. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये कोणाचाही डोळा लागला नाही.

त्यानंतर प्रत्येक शनिवार तसाच. ती बोलायची, तो लिहायचा, रविवारी तो वाचायचा. न निघणारा डाग, आतून उसवलेली शिवण, कढत पाण्यात आकसलेली लोकर, सगळं त्यात यायचं. मंडळी म्हणायची, पाळकसाहेबांचं घरकामाकडे काय बारीक लक्ष आहे बघा! दादा स्वतःची कपबशी कधी विसळत नसे. मी खोकल्याचं निमित्त करून हसू गिळायचे.

त्याला याचं काहीच वाटत नव्हतं असं नाही. एकदा जेवताना तो म्हणाला, "सांगून टाकावं का लोकांना?"

"कशाला?" वहिनी म्हणाली. "येशूचा शिष्य पेत्र बोलायचा आणि मार्कने ते लिहून ठेवलं असं तुम्हीच सांगता ना? नाव मार्कचं लागलं. काय बिघडलं?"

"काय बिघडलं, हे पेत्राला कोणी विचारलं होतं का?" दादा म्हणाला.

ती हसून वाढू लागली. पण त्याच्या डोक्यात ते बसलंच. बायबलात येशूची कथा सांगणारी चारही शुभवर्तमानं मुळात लिहिली कोणी, यावरची पुस्तकं तो लायब्ररीतून आणू लागला. सकाळचा चहा गार व्हायचा आणि हा आम्हाला सांगत बसायचा. लिहिणाऱ्याने स्वतःचं नाव आत कुठेच सांगितलेलं नाही म्हणे. मत्तय, मार्क, लूक, योहान ही नावं मागाहून लागली असं बरेच अभ्यासक मानतात, तर काही जण म्हणतात, छे, ती पहिल्यापासूनच असणार. मत्तय आणि लूक लिहिणाऱ्यांच्या पुढ्यात मार्कचं लिखाण असावं, कारण वाक्यंच्या वाक्यं जुळतात. योहानाच्या शेवटी तर भलताच कोणीतरी बोलतो, की ज्याने हे लिहिलं त्याची साक्ष खरी आहे हे आम्हाला ठाऊक आहे. हे 'आम्ही' कोण, ते कोणालाच माहीत नाही.

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "अरे, ज्या फांदीवर बसलायस तीच कशाला कापतोस? मंडळींच्या कानावर गेलं तर उद्या चर्चने दिलेलं हे घर खाली करावं लागेल."

"मी काही कापत नाही गं," तो म्हणाला. "मला त्या माणसाचं कुतूहल वाटतं. एवढं सगळं लिहिलं, आणि नाव न सांगता उठून गेला."

पुढे त्याची तब्येत ढासळली. हात थरथरायला लागला, अक्षर बिघडलं. तशातच एका शनिवारी, वहिनी इस्त्री तापवत असताना तो म्हणाला, "आज तू बोलू नकोस. आज मीच करतो." तिने इस्त्रीचं बटण बंद केलं. संध्याकाळपर्यंत तो खिडकीपाशी लिहीत होता. त्याने आम्हाला काही वाचून दाखवलं नाही. रविवारी सकाळी तो उठलाच नाही.

मंडळींनी त्याची प्रवचनं पुस्तकरूपाने काढायचं ठरवलं. ते काम निवृत्त हेडमास्तरांकडे आलं. माणूस सज्जन, दादाचा जिवाभावाचा मित्र, पण सगळ्या गोष्टींना तपासायच्या पेपरासारखं बघायची सवय. ते गठ्ठा न्यायला आले. पुस्तकात फोटो कोणता घालू? वहिनी म्हणाली, कोणताही चालेल. प्रस्तावना मी लिहू? चालेल. त्यांनी पुस्तकावर बूट घालून चालायची परवानगी मागितली असती तरी ती चालेल म्हणाली असती.

महिन्याभराने ते परत आले, ते ऐन दुपारी. एकच प्रवचन त्यांनी बाजूला काढलं होतं, ते शेवटचं.

"हे पाळकसाहेबांचं नाही," ते म्हणाले. "अक्षराचं सोडा, आजारपणात अक्षर बिघडतं. पण वाक्यं बघा. तुटक, अडखळती. एकही दृष्टांत नाही. बाकीच्या सगळ्यांत कसा एक जिवंत माणूस बोलतो, काम करता करता बोलावं तसा. ही दोन्ही एका माणसाची असणं शक्य नाही, मी पैज लावतो. कोणीतरी शुभवर्तमानांच्या लेखकांविषयी काहीबाही लिहून त्यांच्या कागदांत सरकवलंय. छापलं तर त्यांच्या नावाला बट्टा लागेल. तरी तुम्ही घरातल्या. उद्या छापखान्यात द्यायच्या आधी येऊन काय ते सांगा. त्यांचं असेल तर घेतो, पण मग बाकीची कोणाची, हा प्रश्न मी तुम्हाला विचारणार."

मास्तरांनी दोन लेखक बिनचूक ओळखले होते. नावं तेवढी उलटी लावली होती.

ते गेल्यावर मी वहिनीला धारेवर धरलं. "तू आता खरं काय ते सांगून टाक. एवढ्या जाडजूड पुस्तकात माझ्या भावाचं म्हणून जे एक आहे, तेच हे लोक केरात टाकतायत. तुझी तुझ्या नावावर छापू देत, त्याचं त्याच्या."

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "बघू," म्हणाली.

"बघू काय? तू नाही बोललीस तर मी बोलणार."

"उद्या मी बोलते, वन्सं. तुम्ही मध्ये पडू नका." इतक्या दिवसांत तिने मला केलेली ही पहिली मनाई होती. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, बाई जागी झाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही चर्चच्या ऑफिसात गेलो. मास्तर टेबलाशी होते. कागदांचे दोन गठ्ठे होते, एक उशीएवढा आणि एक चार पानांचा. वहिनीने चार पानं हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि म्हणाली, "तुमचं बरोबर आहे, मास्तर. हे ह्यांचं नाही. मी घेऊन जाते."

मास्तरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मी तोंड उघडलं होतं, पण तिने माझ्याकडे असं बघितलं की मी ते मिटलं.

रस्ताभर मी तिच्या चार पावलं पुढे चालले. मला तिचा राग आला होता, सरळच सांगते. वाटलं, हिला आता कशाचंच काही उरलेलं नाही, नवऱ्याचंही नाही. घरात शिरल्यावर मात्र मला राहवलं नाही. "का खोटं बोललीस? तुझं नाव झाकायला?"

"माझं कसलं नाव, वन्सं," ती म्हणाली. "मी बोलले ते सगळं त्यांना दिलं. ते आता पुस्तकात जाईल, लोकांचं होईल, होऊ दे. हे एक त्यांनी माझ्याशिवाय लिहिलंय. हे मी कोणाला का देऊ?"

तिने पानं माझ्यापुढे केली. तिने ती तोवर वाचलीच नव्हती. "तुमचा आवाज थोडा त्यांच्या वळणाचा आहे," म्हणाली. "वाचता का?"

मी वाचू लागले. मास्तर म्हणाले होते तसंच होतं, तुटक आणि अडखळतं. "लिहिणारा एक माणूस होता. त्याने नाव सांगितलं नाही. का, ते मला माहीत नाही. मी शोधलं. मला सापडलं नाही. पण त्याच्या घरच्यांना ठाऊक असणार, ते कोणी लिहिलं. ते रोज त्याच्याबरोबर जेवत असणार. त्यांनी सांगायला हवं होतं. त्यांनी का सांगितलं नाही, हे मात्र मला, मला हे मात्र..."

तिथे वाक्य तसंच सोडलेलं होतं. खाली थोडी कोरी जागा आणि मग नवं वाक्य.

"इथे अडकले," वहिनी म्हणाली. "इथे त्यांनी असं म्हणायला हवं होतं, की..." आणि ती थांबली. इतकी वर्षं त्याचं प्रत्येक अडलेलं वाक्य तिने पुरं केलं होतं. हेही तिच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. तिने ते गिळलं.

"नको," ती म्हणाली. "राहू दे तसंच." आणि ती रडायला लागली, आवाज न करता, दोन्ही हात मांडीवर ठेवून. मला वाटलं आता थांबावं. मी थांबले, तर ती म्हणाली, "वाचा ना पुढे."