सकाळचं हिरवं पाणी

माझ्या जिभेला हाड नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. इतकी वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळं दुसऱ्याचं ऐकून घ्यायची सवयच गेली. तेच नडलं.

आमच्या घरामागं एक तळं आहे. परवाच्या उन्हाळ्यात त्याला वास सुटला आणि गल्लीत ओरड झाली. मी म्हटलं, थांबा, बघते मी! दुपारी चारला बाटली घेऊन गेले. वारा सुटला होता, पाणी हलत होतं. वारा जिकडून येत होता त्या काठावर बसून कोपरापर्यंत हात बुडवला आणि बाटली भरली. पाणी नितळ. लगेच फोटो गल्लीच्या ग्रुपवर टाकला, "पाणी स्वच्छ आहे. उगाच अफवा पसरवू नका."

संध्याकाळी धारोष्ण दूध प्यायला कट्ट्यावर गेले. आमचे दूधवाले मामा तिथं रस्त्याकडेलाच म्हशी उभ्या करून, समोर धार काढून पेला देतात. पेला हातात देत मामा हळूच म्हणाले, "बाई, सकाळच्यापारी या की बघाय. त्ये हिरवं दुपारी दिसत न्हाय. रातभर वर येतंय, ऊन चढलं की खाली जातंय."

"काय सांगता मामा! शेवाळाला पाय फुटलेत काय?"

सगळा कट्टा खो खो हसला. मीही हसले. मामा खाली बघून धार काढत राहिले. मग म्हणाले, "बाई म्हणत्यात म्हंजे तसंच आसल."

नंतर वारा पडला. चार दिवस झाडाचं पान हललं नाही. पाचव्या दिवशी सकाळी मामांनी गारगोटीहून आणलेली गाभण म्हैस तळ्याच्या घाटावर पाणी पाजायला नेली. दुपारपर्यंत तिचे पाय लटपटायला लागले, तोंडाला फेस आला. दिवस मावळायच्या आत ती गेली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी गुपचूप तळ्यावर गेले. घाटाच्या पायऱ्यांशी हिरवा रंग ओतल्यासारखं पाणी होतं, मी आधी बसले होते तो पलीकडचा काठ तसाच नितळ. हिरव्या पाण्याची बाटली भरून आणली, हलवली आणि खिडकीत ठेवली. शेवाळ म्हणजे तळाशी बसणार, असं मी धरून चालले होते. तासाभरात दुधावर साय धरावी तसा हिरवा थर वर आला.

मग पुस्तकं काढली. त्या हिरव्या जिवाच्या अंगात हवेच्या बारीक पिशव्या असतात, म्हणून तो तरंगतो. दिवसभर उन्हात साखर तयार करून जड होतो, खाली जातो. रात्री ती साखर संपते, हलका होऊन पुन्हा वर येतो. वारा असला की सगळ्या पाण्यात मिसळून जातो. वारा पडला की वर गोळा होतो, आणि पहाटेची झुळूक त्याला एका काठाला लोटते. त्यात विषही असू शकतं. विषाचं आणि वाऱ्याचं सोडलं तर सगळं मामांनी मला दोन वाक्यांत सांगितलं होतं.

आणि मी काय केलं? तो फोटो गुपचूप काढून टाकला. "खबरदारी म्हणून जनावरं तळ्यावर नेऊ नका," एवढंच लिहिलं. खबरदारी म्हणून! कट्ट्यावर कुणीतरी म्हणालं, तळ्याच्या पाण्यानंच म्हैस गेली. त्यावर मामाच उसळले, "न्हाय! बाईंनी तपासलंय पाणी. म्हसच दुखणाईत हुती." मी तिथंच उभी होते, हातात त्यांच्याच दुधाचा पेला घेऊन. मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण तोंड उघडलं नाही.

महिनाभर कट्ट्याकडं फिरकले नाही. शेवटी एका दुपारी त्यांच्या गोठ्यात गेले. एक दावं मोकळं होतं. म्हटलं, "मामा, ती पाण्यानंच गेली. माझं चुकलं."

"ठाव हाय मला," मामा म्हणाले. "तिच्या तोंडाचं हिरवं म्या माझ्या हातानं पुसलंय न्हवं."

"मग चारचौघांत बोलला का नाहीत?"

मामांनी हातातली पेंढी गव्हाणीत टाकली. "तुमी हसला तवा लई लागलं हुतं बाई. म्हटलं, तसलं दुसऱ्या कुणाला नगो."

एवढं बोलून त्यांनी आत हाक मारली आणि माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला.