ज्याचा राग, त्याचंच सोंग

आमच्या गल्लीत कुणाच्या घरी भांडण पेटलं, की सुमनमावशी समजूत घालत बसत नसत. अंगणात सतरंजी टाकायच्या, दोन बाजा उभ्या करून मधे जुनं लुगडं बांधायच्या आणि त्या घरातल्यांना हाक मारायच्या, "या, आता हितं भांडा. पन ज्याचा राग आलाय, त्याचंच सोंग घ्यायचं." श्रीरामपूरजवळच्या आमच्या गावात त्यांनी जन्मभर बालवाडी चालवली. पोरांची नाटकं बसवता बसवता त्यांना थोरांचं औषध सापडलं असावं.

शेजारच्या गंगूकाकू एकदा स्वतःच्या सुनेचं काम करायला उभ्या राहिल्या. सून झाली सासू. तिनं काकूंना असं काही राबवलं, की पुन्हा चहा टाकायला सांगितल्यावर काकूंनी मटकन बसकणच मारली. "लई छळती बया ही!" सगळं अंगण खो खो हसलं. काकू तेवढ्या हसल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "मी अशी करते व्हय गं?" मावशींनी कुणाला टाळ्या वाजवू दिल्या नाहीत. "ह्यो काय तमाशा न्हाई. घरी जा आन् जेवताना बोला," हे त्यांचं ठरलेलं.

आमच्या घरचं भांडण मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. ताईला पुण्यात नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि अण्णा, म्हणजे आमचे वडील, 'नाही' म्हणून अडून बसले होते. आई नुकतीच गेलेली. बापलेकींचं बोलणं बंद, निरोपांना मी! कॉलेजात हजर व्हायची मुदत सरत आली, तसा मी वैतागून मावशींना बोलावून आणलं.

"नाटक झाल्यावर बी न्हाईच म्हना, अण्णा," त्या दारातच बसल्या, "पन या."

ताईनं अण्णांची टोपी घातली. अण्णा तिची ओढणी हातात धरून अवघडून उभे. "मी जाऊ का पुन्याला?" कसंबसं पुटपुटले. ताई आता त्यांचा आरडाओरडा हुबेहूब करणार, असं आम्हाला वाटलं. ती नुसती खाली बसली. म्हणाली, "तू गेलीस, तर ह्या घरात माझ्याशी बोलंल कोन? तुझी आई गेली. हा पोरगा तर सदा मोबाईलमधी."

अण्णांनी हे कधी कुणाजवळ काढलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. मग लेकीचंच सोंग धरून म्हणाले, "मी रोज फोन करीन ना, अण्णा. तुमी जेवल्याबिगर मी जेवनार न्हाई."

मावशींनी लुगडं सोडलं. त्याच आठवड्यात ताई पुण्याला गेली.

मावशी गेल्या वर्षी वारल्या. त्यांची फार आठवण येते. त्यांच्या दहाव्याहून परतताना मी अण्णांना विचारलं, "तेव्हा तुम्ही कुणाचंच ऐकत नव्हता. मावशींचं बरं ऐकलंत?"

"तिचं कुठं ऐकलं?" अण्णा चालता चालता थांबले. "लेकीच्या जागी उभा ऱ्हायलो, आन् मला माझ्याच 'न्हाई'चं भ्या वाटाया लागलं."